आधी मेंढरं, मग पाणी

आमच्या वसाहतीच्या तोंडाशी एक मेडिकल आहे. त्याच्या मालकावरचा माझा राग अजून निवलेला नाही. निवावा असं मला वाटतही नाही, हे आधीच सांगून टाकते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सोयगावकडचे. मेंढरं राखायचे. दुष्काळात कळप विकला आणि आम्ही संभाजीनगरला आलो. बायपासच्या पलीकडं शेतांचे प्लॉट पडत होते, इमारती उठत होत्या. तशाच एका अर्धवट इमारतीवर अण्णा वॉचमन झाले. पुढं त्यांचा हात थरथरू लागला, चालताना पाय उचलेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कंपवात सांगितला आणि इतर गोळ्यांबरोबर अमँटाडीनची कॅप्सूल लिहून दिली. दर महिन्याला चिठ्ठी घेऊन मीच त्या मेडिकलवर जायचे. मालकाला आमचं औषध तोंडपाठ झालं होतं. हे मुद्दाम लिहिते.

त्या उन्हाळ्यात टँकर येईल तेव्हा यायचा. अण्णांना सर्दी-ताप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आई मेडिकलवर गेली. मालक तिलाही ओळखायचा. यांचं अंग तापलंय, एवढंच म्हणाली. मालकानं काहीएक न विचारता फ्लूच्या गोळ्यांची पट्टी काढून दिली.

दोनतीन दिवसांत अण्णा खोलीच्या कोपऱ्याकडं बघून हुर्र हुर्र करायला लागले.

"दार लाव," ते मला म्हणाले. "भाईर जातील समदी."

"कोण, अण्णा?"

"मेंढरं. आंधळी झाली व्हय गं तू?"

आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला. "आधी त्यास्नी पाज."

आमच्याकडं रीतच तशी. कळप पाण्यावर नेला की आधी मेंढरं पितात, राखणारा सगळ्यांत शेवटी. अण्णांनी ती शहरातही सोडली नव्हती. टँकर आला की घरच्यांचं, शेजारणीच्या शेळीचं होईपर्यंत ते थांबायचे आणि उरलं तर प्यायचे. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. आता तर खोलीतच तहानलेला कळप उभा होता. अण्णा थेंबही घेईनात, आणि मेंढरं वाढतच चालली.

गोळ्यांमुळं होत असेल का, हे विचारायला मी मेडिकलवर गेले. विचारताना चाचरले. काउंटरवर पाचसहा माणसं होती. मालक त्यांच्याकडं वळून म्हणाला, "ऐकलं का? हिच्या बापाला घरात मेंढरं दिसायलीत! पोरी, गोळीनं मेंढरं दिसत नसतात. कोणती मारतो ते विचार त्याला. देशी का संत्रा?"

सगळे हसले. अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साइटवर पोचली आणि मुकादमानं निरोप धाडला की पिणारा वॉचमन नको.

मी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि अण्णांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फ्लूची पट्टी उलटी केली आणि बारीक अक्षरावर बोट ठेवलं. त्यातही अमँटाडीनच होतं.

"हे औषध मुळात फ्लूसाठीच निघालं," त्या म्हणाल्या. "कंपवातावर उपयोगी पडतं हे नंतर कळलं. फ्लूवर आता फारसं चालत नाही, तरी अशा गोळ्यांत असतं. यांना दोन्हीकडून मिळालं. ते लघवीवाटे बाहेर पडतं. पाणी किती पितात?"

आईनं मेंढरांचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. पाणी तुटलं की मूत्रपिंड थकतं आणि औषध अंगात साठत जातं, मग असे भास होतात, असं त्यांनी समजावलं. फ्लूच्या गोळ्या बंद केल्या, रक्त तपासलं, सलाईन लावलं, कॅप्सूलचा डोस कमी केला. "कॅप्सूल मात्र परस्पर एकदम बंद करू नका. अंग ताठतं, ताप चढतो. मला विचारूनच काय ते करा."

वॉर्डात आईनं एक घमेलं मागून आणलं. खाटेखाली ठेवून त्यात पाणी ओतलं, जिभेनं टकटक करून कळपाला बोलावलं आणि गुपचूप बसून राहिली. मग म्हणाली, "प्याली बघा समदी. लंगडी मागं राहिली व्हती, तिलाबी पाजलं."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. "लंगडी तर आपुन इकली व्हती की गं."

आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

अण्णा घरी आल्यावर मी ती फ्लूची पट्टी आणि कॅप्सूलची पट्टी घेऊन मेडिकलवर गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी.

"दोन्हींवरचं मोठ्यानं वाचा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तुम्ही वाचा."

त्यानं वाचलं. एकच नाव दोनदा आलं, तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला. कुणी हसलं नाही. "आता म्हणा," मी म्हणाले, "हिचे वडील पीत नाहीत." तो आत निघून गेला.

तेव्हापासून कॉलेज सुटलं की मी त्या काउंटरशी उभी राहते. कुणी सर्दीची गोळी मागितली की मागून विचारते, "आधीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत? मूत्रपिंडाचा काही त्रास?" तो भडकायचा, धंद्यात लुडबुड करते म्हणायचा. त्याचा चेहरा लाल झाला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू? अजून वाटतं.

हल्ली तो माझ्या आधीच विचारतो, दात आवळून. मध्ये अण्णा स्वतः माझ्याबरोबर आले, तेव्हा त्यांनाही विचारलं, "आधीचं काय चालू आहे?"

"तुला ठाऊक नाय व्हय?" अण्णा म्हणाले. "साऱ्या गावाला सांगून आलास की, देशी चालू हाय म्हणून."

मालकानं मान खाली घालून कॅप्सूल पुढं सरकवली.

आई म्हणते, झालं ते झालं, आता सोड. पण 'हिचे वडील पीत नाहीत' हे एक वाक्य तो अजून बोललेला नाही. जसं सगळ्यांसमोर हसला, तसं सगळ्यांसमोर बोलेपर्यंत मी तिथं उभी राहणार आहे.