कडब्याचा रंग

मस्तगडातले इब्राहीमचाचा भर दुपारी दुकानाचं दार लावून काम करायचे. माझ्या खानावळीची दुपारची पंगत उरकून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे सुरी घ्यायला गेले, तेव्हा वाटलं म्हातारा झोपलाय. पाय ओढत आले होते, चिडले होते. दार चांगलंच बडवलं. आतून आवाज आला, "थांबा बाई, रंग येऊन राह्यला."

त्यांचा बाप तलवारी घडवायचा. पोलीस ॲक्शननंतर तलवारीचं नाव काढायची सोय उरली नाही, म्हणून चाचा सुऱ्यांकडे वळले. मोटारीच्या कमानीचा जुना पाटा घ्यायचे, ठोकून पातं काढायचे, लालभडक करून तेलात बुडवायचे. एवढ्यावर पातं कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग ते वाळूनं घासून पुन्हा निखाऱ्यावर धरायचं. पोलादावर हळूहळू रंग चढतो, तो मंद उजेडातच नीट दिसतो, म्हणून ते लावलेलं दार. "कडब्याचा पिवळा आला की बस," चाचा सांगायचे. "जरा आधी काढलं तं काच, जरा उशीर झाला तं शिसं."

मूठ बाभळीची, पितळी खिळे ठोकलेली. "मूठ हातात हाय हे कळलं, तं ती मूठ चुकली," असं ते म्हणत. सुरी कधी हातात देत नसत. जमिनीवर ठेवत, आपण उचलायची. त्यांच्या पहिल्या सुरीनं मी सहा वर्षं चाळीस माणसांची भाजी चिरली. पातं झिजून बोटाएवढं राहिलं, पण धार हटली नाही.

मग दुसरी घेतली आणि लाल भोपळ्यावर तिचा टवका उडाला. तिसरीचंही तेच. रस्त्यात भेटले की चाचा विचारायचे, "सुरी बराबर चालून राह्यली ना?" मी म्हणायची, "बराबर." शेजारचा हलवाई तेच सांगायचा, शिंपीणबाईही तेच. सगळे त्यांची सुरी घ्यायचे, ट्रंकेत टाकायचे आणि विळीवर चिरायचे. एकटा म्हातारा, त्याला तोंडावर कोण सांगणार? आमच्याकडे मुरव्वत फार. चाळीस माणसांची भाजी विळीवर उरकेना, म्हणून मी तेवढी तिसरीच वापरत राहिले; वर्षभर हे असंच चाललं.

एका दुपारी मोंढ्यात धान्याची पोती वाहणारा एक हमाल जेवता जेवता थांबला. घासातून त्यानं पोलादाची कपची काढली. जीभ कापली होती. बिचारा पाणी पिऊन उठला. माझं डोकंच फिरलं, राग खरं तर माझा मलाच आला होता. तशीच उठले आणि दोन्ही सुऱ्या चाचांपुढे ठेवल्या. म्हटलं, "चाचा, वर्षभर खोटं बोलले मी. तुमच्या सुऱ्या फुटून राह्यल्यात."

त्यांनी अंगठ्यानं धार चाचपली. "किती जणांना माहीत हाय?"

"सगळ्यांना."

त्यांनी पातं डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाले, "मला आजकाल सगळंच पिवळं दिसतं. मी समजलो, पोलादच जल्दी रंग धरून राह्यलं." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि खरा रंग येण्याआधीच ते पातं निखाऱ्यावरून काढत होते. त्यांनी फळीवरच्या तयार सुऱ्या खाली घेतल्या आणि एकेक ऐरणीवर ठेवून हातोडा मारला. एकही वाकली नाही, सगळ्या तुटल्या. मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी ते खानावळीच्या दारात आले. कधी यायचे नाहीत. म्हणाले, "बाई, हात अजून ठीक हायेत, नजर तेवढी गेली. हप्त्यातून एक दुपार माझ्या दुकानात येऊन बसा. कडब्याचा रंग आला की 'आला' म्हणा. दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई. खरं तुम्हीच बोलल्या."

माझे हात कोपरापर्यंत पिठात होते, पंगत बसायची होती, कंबर मोडून आली होती. मी म्हटलं, "चाचा, मला मरायला फुरसत न्हाई."

"बरोबर हाय," म्हणाले आणि गेले.

त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. ऐरण विकून मंठ्याला लेकीकडे गेले, आणि थंडीच्या आधी तिकडून ते वारल्याची खबरच आली.

मी थकले होते, ते काही खोटं नव्हतं. पण पोलादावर रंग चढायला वेळ तो कितीसा? एक भाकरी भाजून होते, तेवढाच. वर्षभर खोटं बोलायला मात्र मला फुरसत सापडली होती.