भार पडला तरी न मंदावणारी मोटर

अगं, फोन नीट कानाशी धर आणि ऐक. दर वेळी ‘आजी, आवाज तर ठणठणीत आहे तुझा’ म्हणून हिंजवडीतूनच सुटतेस, हे काही बरं नाही.

परवा मिक्सर दुरुस्तीला घेऊन शनिवार पेठेत गेले होते. मोटरींच्या त्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मांडीवरच्या पिशवीत खेळण्यातल्या विमानांचे लाकडी पंखे होते, स्वतः कोरलेले. ते दोन्ही बाजूंना सारखे कोरले गेलेत का, हे फिरवून तपासायला त्यांना मोटर हवी होती. हात थरथरायला लागलाय, कोरणं थांबवायचं का ते ठरवायचंय, म्हणाले.

दुकानदाराने छोटी मोटर पुढे केली. “एवढ्याशा पंख्याला पुष्कळ झाली.”

“अहो, ती भार पडला की मंदावते. मग दोष मोटरचा की पंख्याचा, कळणार कसं? मोठी दाखवा.”

“का, आजोबा? विमानात स्वतः बसणार आहात?”

ते हसले नाहीत. मोठी मोटर टेबलाला घट्ट आवळली, पंखा बसवला, आम्हाला हाताने बाजूला केलं आणि बटण दाबलं. सगळं टेबल थरथरलं. मग पंखा काढून त्यांनी नुसती मोटर फिरवली. टेबल गप्प.

“म्हणजे हातच गेला,” पंख्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले. “घरचे सगळे ‘छान झालाय’ म्हणतात हो. म्हणून तर मोटर शोधत आलो.”

उरलेले पंखेही तपासायचेत म्हणून मोटर त्यांनी घेतलीच.

तूही मला फोनवर छानच म्हणतेस. या रविवारी ये, समोर बस आणि मी कशी आहे ते बघून सांग.