चिंचेवर चढलेली सून

आमच्या चिंचवडात ठकुबाईइतकी आगाऊ बाई दुसरी झाली नाही. कौतुकानं सांगतेय बरं का! आगाऊपणात माझाच नंबर तिच्या खालोखाल.

तिचा सासरा गेनबा चिंचा झोडायचा. फाल्गुनात लोकांच्या झाडांवर चढायचं, फांद्या गदागदा हलवायच्या, खाली आम्ही बायका वेचायला. पण पंचावन्न सालाच्या सुमाराला पिंपरीला कारखाना उभा राहिला नि तरणे गडी तिकडं पळाले. ठकूचा नवराही गेला. गेनबाचे गुडघे कामातून गेलेले. झाडावर चढणारा गावात उरला एकटा मुरारी.

"मी चढते की, मामंजी," ठकू म्हणाली नि काष्टा आवळला.

सासऱ्यानं सुनेला झाडावर चढवायचं! गावानं तोंडात बोटं घातली. गेनबानं मात्र शिकवलं. "आधी टाच आपट, मग वजन टाक. वाळकी फांदी ठकठक वाजती." उतरताना बुंध्याला पोट कसं लावायचं, ते तिनं मुरारीचं बघून उचललं. कमरेला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली सोडायचा, नि त्याचं टोक खालच्या माणसाच्या हातात. या धंद्याचा एकच कायदा: वर माणूस असताना दोर सोडायचा नाही. घर पेटलं तरी नाही.

त्या साली ठकूनं गावचे बडे जमीनदार यशवंतराव, त्यांची थोरली चिंच झोडली. पुढच्या साली त्या झाडाला बोटभर चिंच लागली नाही. चिंच एखादं साल रुसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तो रुसवा ठकूच्या लुगड्याला चिकटला!

"बाईमाणूस चढलं, झाड बाटलं," यशवंतराव म्हणाले. "तिनं मुळाशी नारळ फोडावा, पुन्हा चढणार नाही अशी शपथ घ्यावी. नाहीतर गेनबालाही गावात काम नाही."

आम्ही सगळ्या बघायला गेलो. आता असला तमाशा कोण सोडतंय! ठकू नारळ घेऊन आली. गेनबा मागं, खांद्यावर दोर.

"शेजारची चिंच मुरारीभावजींनी झोडली," ठकू म्हणाली. "ती बी मोकळीच हाय. मग भावजी बी बाटले का?"

मुरारी बिचारा लाजून लाल. आम्ही पदरात तोंड खुपसून हसतोय.

"शपथ घे!" यशवंतराव ओरडले.

ठकूनं नारळ माझ्या हातात कोंबला, दोर बांधला नि सरसर वर! शेंड्याजवळच्या बेचक्यात मांडी ठोकून बसली. खाली दोराचं टोक गेनबाच्या हातात.

"घेते शपथ! मालक 'चढ' म्हणेस्तवर खाली उतरणार न्हाई."

"गेनबा, दोर सोड! बघू कशी बसते."

"न्हाई जमायचं, मालक. वर माणूस हाय."

"तुझीच सून ना ती? उतरव तिला!"

"सून घरात. वर गेली का ती झोडणारी."

यशवंतरावांनी मुरारीला वर जाऊन तिला आणायला सांगितलं. मुरारी उठला, चालत आला, नि गेनबाच्या मागं उभा राहून त्यानंही दोर धरला. मग काय, आम्ही बायकाही सरसावलो. दोराला हात पुरेनात!

ऊन डोक्यावर आलं. यशवंतरावांचा फेटा घामानं भिजला. वरून ठकूचा आवाज: "मालक, सावलीला या की. चिंच तुमचीच हाय."

"चढ बाई, चढ!" यशवंतराव कावले. "हवी तेवढी चढ! पण आधी खाली उतर!"