आल्वारोने काढलेलं जावळ

देवाने मला दोनदा डोकेदुखी दिली. एकदा नवरा दिला तेव्हा, आणि एकदा हे पांढऱ्या शर्टातले धर्मप्रचारक माझ्याकडे जेवायला पाठवले तेव्हा. नवरा निदान ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. हा आल्वारो ऐकलेलं सगळं खरं धरून चालायचा, आणि त्यानेच घात केला.

आल्वारो हे त्याचं खरं नाव नव्हे. छातीवरच्या काळ्या पट्टीवर 'एल्डर हॅल्वर्सन' असं लिहिलेलं. एल्डर म्हणजे वडीलधारे. वय वर्षं एकोणीस, हनुवटीवर मोजून चार केस, आणि म्हणे वडीलधारे. मी साठीला आलेली, तर हा मला ताई म्हणायचा, कारण त्यांच्यात सगळ्या बायका ताया. आमच्या किल्याकोल्योच्या गल्लीत 'हॅल्वर्सन' कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचा आल्वारो झाला. उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ गावातून बोलिव्हियात दोन वर्षं देवाचं काम करायला आलेला. सोबत कायम एक जोडीदार, चिलीचा आर्रियागादा. एकट्याने हिंडायची त्यांना बंदी. एक संडासात गेला की दुसरा दाराबाहेर उभा.

दिवसभर काय, तर दारं ठोठवायची. लोक आत बोलवायचे, थंडगार सरबत द्यायचे, देवाचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हो हो, रविवारी नक्की येते." आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, एवढी रीत शेंबड्या पोरालाही कळते. पण आल्वारो दर रविवारी त्यांच्या प्रार्थनाघराच्या दारात टाय सारखा करत उभा. सोमवारी मला विचारायचा, "ताई, पाववाल्या मावशींना बरं नाही का? येते म्हणाल्या होत्या."

"ठणठणीत आहे ती. तिला यायचंच नव्हतं."

"मग हो का म्हणाल्या?"

आता याला काय सांगणार, कपाळ? मी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा घालायचे.

वर मदतीचा सोस. जेवण झालं की उठायचा आणि, "ताई, काही काम असेल तर सांगा." एकदा म्हटलं, धू बाबा भांडी. तर माझी वर्षानुवर्षं धूर पिऊन काळी झालेली कढई त्याने राखेने घासून घासून पांढरी केली. त्यानंतर महिनाभर तिला प्रत्येक पदार्थ चिकटायचा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. म्हणून पुढे मी त्याला कामच सांगत नसे. तो मात्र टपून बसलेला.

आता लिंबर्टचं सांगते. लिंबर्ट माझा नातू, पाच वर्षांचा. त्याची आई नेल्वा, माझी एकुलती एक लेक, तो वर्षाचा असताना स्पेनला गेली. तिथे मुर्सियात एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करते. जाताना मला म्हणाली, "आई, याचं जावळ मी आल्याशिवाय काढायचं नाही." मी शब्द दिला. एरवी आमच्यात तिसऱ्या वर्षी जावळ उरकतात. डोक्याच्या बारीक बारीक बटा करून रिबिनी बांधायच्या, धर्मबापाने पहिली बट कापायची, मग बाकीच्यांनी एकेक. लिंबर्टच्या वेण्या कंबरेपर्यंत आल्या. गल्लीतली पोरं त्याला 'ए पोरी' म्हणून हाक मारायची, तो दगड घेऊन त्यांच्या मागे धावायचा. पण मी कात्री लावू दिली नाही. नेल्वाचं आज येते, उद्या येते चाललेलं. मला वाटायचं, ती दुसऱ्या कशासाठी नाही आली तरी या केसांसाठी तरी येईलच. जावळ काढायला आई नको?

आणि यंदा ठरलं होतं. ऑगस्टात, जत्रेच्या आठवड्यात. दोन बसगाड्यांचे मालक सेवेरोशेठ धर्मबाप व्हायला तयार झाले होते. चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, घडे सांगून ठेवले, वाजंत्री ठरली. पाचएक आठवडे उरले होते.

ते केस विंचरायचे म्हणजे रोज सकाळी युद्ध. लिंबर्ट किंचाळणार, मी ओरडणार. त्या सोमवारीही तसंच झालं आणि मी म्हणाले, "वैताग आलाय या केसांचा. एक दिवस कात्री घेऊन छाटून टाकते बघ सगळे." हे मी चार वर्षं रोज म्हणत होते. पण सोमवारी या दोघांना सुट्टी असते, कपडे धुवायला ते माझ्या अंगणात येतात. आल्वारोने ते ऐकलं.

मी बाजारातून बटाटे घेऊन परतले तर लिंबर्ट अंगणात स्टुलावर, गळ्यात टॉवेल, आणि डोकं सोललेल्या कांद्यासारखं. वेण्या जमिनीवर पडलेल्या. दोघं एकमेकांचे केस कापतात ती कात्री आल्वारोच्या हातात, आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू. लिंबर्टही मान वळवून वळवून हसत होता.

"ताई, तुमचा रोजचा त्रास गेला," आल्वारो म्हणाला. "तोच म्हणाला, माझेही काप."

माझ्या हातून पिशवी सुटली. बटाटे नळापर्यंत घरंगळत गेले. मी खाली बसले आणि वेण्या घागऱ्याच्या ओच्यात गोळा करायला लागले. आर्रियागादाला तरी कळायला नको? पण चिलीवाल्यांना आमच्यातलं काय कळतंय, तो बटाटे वेचत होता.

मग मी तोंड सोडलं. अख्खी गल्ली गोळा झाली. शेजारणींनीच आल्वारोला सांगितलं, अरे शहाण्या, हे जावळ होतं, याच्यासाठी त्याची आई समुद्र ओलांडून येणार होती. त्याचा चेहरा पांढऱ्याचा राखाडी झाला. "मी परत चिकटवू शकत नाही," एवढंच म्हणाला. मला हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी सेवेरोशेठ आले. टोपीसुद्धा काढली नाही. "सातुकाबाई, पहिली बट ज्याने कापली तो धर्मबाप. मी आता काय उरलेलं डोकं कापू?" बरोबरच होतं त्यांचं. गेले ते गेलेच.

पण सेवेरोशेठची मला फिकीर नव्हती. नेल्वा. तिला काय सांगू? आठवडाभर घास गेला नाही. आल्वारो रोज दुपारी यायचा, मी ताट आपटायचे, तो मान खाली घालून जेवायचा. शेवटी म्हणाला, "ताई, रविवारी फोन आला की मीच सांगतो. मीच माफी मागतो." म्हटलं, नको बाबा, तुझी मदत बास झाली. तरी तो रविवारी आलाच आणि चुलीपाशी उभा राहिला. लिंबर्ट बाहेर आर्रियागादाबरोबर चेंडू खेळत होता. माझे हात पिठाचे, म्हणून फोनचा आवाज मोठा करून ठेवला.

"नेल्वा, वाईट झालंय गं. लिंबर्टचं जावळ गेलं. ऑगस्टपर्यंत ठेवता नाही आलं मला."

आता ती ओरडेल, याची मी वाट बघत होते.

"नेल्वा, ऐकतेस ना?"

"ऐकतेय." मग तिने श्वास सोडला, पाठीवरचं ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तसा. "म्हणजे आता ऑगस्टचं राहिलंच ना, आई. बरं झालं. मी तिकीट काढलंच नव्हतं. तुला कसं सांगू तेच कळत नव्हतं."

"का नाही काढलंस?"

"इथे माझं कुणीतरी आहे, आई. लग्नाचं म्हणतोय. त्याला मी लिंबर्टबद्दल अजून सांगितलेलं नाही. सांगेन. थोडा वेळ दे."

पुढे ती काय काय बोलली, माझ्या डोक्यात शिरलं नाही. चार वर्षं मी ते केस रोज विंचरले, आणि त्या पोरीने त्या माणसाला मुलगा आहे एवढंसुद्धा सांगितलं नाही. फोन ठेवला. आल्वारो समोर उभा. इतक्या दिवसांत त्याची स्पॅनिश सुधारली होती, त्याला सगळं कळलं होतं.

तेवढ्यात लिंबर्ट धावत आत आला. "आजी, आईचा फोन होता? कधी येणार ती?"

माझं तोंड उघडेना. मी, जिच्या तोंडाला अख्खी गल्ली भिते.

आल्वारो गुडघ्यावर बसला. "ती येणार होती, लिंबर्ट. पण मी तुझे केस कापून टाकले ना, म्हणून आता नाही येत. माझ्यामुळे झालं."

लिंबर्टने आल्वारोच्या मांडीवर लाथ घातली. आणखी एक. मग हाताला चावला. आल्वारोने हात मागे घेतला नाही. मी पोराला ओढून काढलं तेव्हा तो रडत अंगणात पळाला.

"हे कुणी सांगितलं होतं तुला?" मी आल्वारोवर खेकसले. "असलं खोटं बोलायला?"

तो हात चोळत म्हणाला, "ताई, त्याला कुणाचा तरी राग यायलाच हवा. मी तर जाणारच आहे."

आणि गेलाच. पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. बॅग घेऊन दारात उभा राहिला, लिंबर्टपुढे हात केला. पोराने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी आल्वारोच्या हातात चीजच्या रोट्या बांधून दिल्या आणि काही बोलले नाही, कारण बोलायला गेले असते तर सगळंच बाहेर पडलं असतं. मला राग येतो त्याचा. अजून येतो. एवढं अंगावर घ्यायला याला कुणी सांगितलं होतं?

आणि करून काय ठेवलं ते बघा. चार महिन्यांनी शाळेने निरोप पाठवला, पोराचे केस कानावर आलेत, कापून पाठवा. काल त्याला न्हाव्याकडे घेऊन गेले. खुर्चीत बसेना, दाराची चौकट धरून उभा राहिला.

"नाही कापायचे. कापले म्हणून आई आली नाही ना? आता वाढवणार."

न्हावी कात्री हातात घेऊन माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, राहू दे, आणि त्याला घरी घेऊन आले.