पावती असलेला चोर

कळसाडीचा मिथुन शांत स्वभावाचा आहे, असं सांगणारा माणूस अख्ख्या शहादा तालुक्यात सापडायचा नाही. त्याची बायको दामिनी तर म्हणते, याचं डोकं आणि याचे स्पीकर एकाच वायरीवर आहेत. एक चालू केला की दुसरा तापतो. घरचा ऊस-कापूस भावाच्या गळ्यात घालून हा गडी पिकअपवर स्पीकरची भिंत उभी करतो आणि लग्नं वाजवत फिरतो. पुढं कीबोर्ड, शेजारी लॅपटॉप. टिमली, म्हणजे इकडची नाचाची धून, लागली की वऱ्हाडी एकमेकांच्या कमरेत हात घालतात आणि रांगच्या रांग डोलायला लागते. अशी टिमली हवी असेल तर सातपुड्यात लोक आधी मिथुनची तारीख बघतात, मग लग्नाची ठरवतात.

या टिमलीचा जीव म्हणजे खात्या नावाच्या वादकाचा ढोल. काठीकडच्या एका पाड्यावरचा हा म्हातारा. त्यानं ढोलावर हात टाकला की पोरांचे पाय डोक्याला न विचारताच निघायचे. मिथुननं त्याच्या अंगणात मुक्काम टाकून तो ढोल लॅपटॉपात भरून घेतला. पुढच्या पावसाळ्यात खात्याला लकवा झाला आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून खात्याचा ढोल उरला तो मिथुनकडेच.

म्हणजे, असं मिथुनला वाटायचं. तळोद्याचा बँडवाला हेमकांत यानं तो ढोल कुठल्याशा मेमरी कार्डावरून उचलला आणि बिनदिक्कत आपल्या गाडीवर वाजवायला लागला. मिथुन चार दिवस घरात भांडी आपटत होता. शेवटी दामिनी म्हणाली, "खात्याबाबाना ढोल चोरा तं तुले आग लागनी. आनि तू जे सॉफ्टवेअर चालावस, ते काय तुन्हा सासरानी लगनमा दिन्हं?"

सासऱ्यानं दिलं नव्हतं. 'नादराज' नावाचं ते सॉफ्टवेअर मिथुननं कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून घेतलं होतं आणि वर्षानुवर्षं फुकट वापरलं होतं. आपल्या भागात विकतचं सॉफ्टवेअर आणि शिंगवाला घोडा दोन्ही कुणी पाहिलेलं नाही. पण बायकोचं बोलणं मिथुनला लागलं. त्यानं दिवाळीत रोख पैसे भरले आणि पक्की प्रत घेतली. पावती देवघरात ठेवली. "आते छाती काढीसन वाजाडसू," म्हणाला.

पक्क्या प्रतीची एक खोड होती. तिला थोड्या थोड्या दिवसांनी इंटरनेटवरून कंपनीला हजेरी द्यावी लागायची. कंपनी शहरातली. हजेरीला उशीर होतो तो चोराचाच, अशी तिची पक्की समजूत. लग्नसराईत मिथुन पाड्यावरून पाड्यावर जायचा, आणि तिथं रेंज पाहुण्यासारखी. येईल तेव्हा येईल.

वैशाखात खात्याच्या नातीचं लग्न निघालं. तिचा बाप वीरसिंग मुद्दाम कळसाडीपर्यंत सांगायला आला. "बाबा म्हणतो, नातीच्या लग्नात माझाच ढोल वाजला पाहिजे. हात नाही तर नाही." मिथुननं त्या लग्नाचे पैसेच धरले नाहीत.

नवरदेवाकडून बँड आला तो नेमका हेमकांतचा. दोन्ही बाजूंच्या गाड्या समोरासमोर लावून चढाओढ करायची, ही इकडची रीतच. दुपारी मिथुनच्या गाडीची पाळी आली. खात्याला खाटेवर बसवून स्पीकरजवळ आणलं. ढोल सुरू झाला. रांगा जुळल्या, धूळ उठली, म्हातारा डोळे मिटून मान हलवायला लागला.

आणि ढोल थांबला.

स्पीकरच्या त्या अख्ख्या भिंतीतून एक बाई गोड आवाजात बोलली, "सावधान. ही प्रत चोरीची आहे. चोरीच्या प्रतीवर केलेलं काम पुसलं जात आहे."

समोरच्या डोंगरानंही तेच सांगितलं. आधी पोरं हसली. बाईनं पुन्हा म्हटलं, तेव्हा कुणी हसलं नाही. नवऱ्याकडचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "वीरसिंग, बँडवाला आणला का चोर?"

मिथुननं वायर उपटली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच. पडद्यावर पट्टी सरकत होती, फायली जात होत्या. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर होती. पण घाटातल्या हादऱ्यांनी तो पडू नये म्हणून मिथुननं त्याला रबर लावून लॅपटॉपलाच बांधून ठेवलं होतं. रबर सुटेपर्यंत तोही धुऊन निघाला.

पाड्याच्या वर एका खडकावर रेंज येते. मिथुन धापा टाकत चढला आणि कंपनीला फोन लावला. मागोमाग वीरसिंगही आला.

"सर, तुमचं लायसन्स एकदम व्हॅलिड दिसतंय," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"मग मी चोर कसा?"

"तुम्ही बरेच दिवस ऑनलाइन आला नाहीत, सर. सिस्टीमला संशय आला."

"संशय आला तर बंद पड ना! पुसलं काय म्हणून? तो ढोल तुझ्या कंपनीचा होता का?"

"सर, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या फायलींवर ती कारवाई होते. अटी तुम्ही मान्य केल्या आहेत."

"तुझ्या दुकानातल्या कोयत्यानं मी ऊस कापला तर ऊस तुझा होतो का रे? माझ्या म्हाताऱ्याचा हात होता त्यात! गेलेला हात! आण परत!"

"सॉरी सर, ते परत येत नाही. लायसन्स मात्र मी आत्ता चालू करून देतो. आणि या कॉलला एक ते पाचमध्ये..."

पुढचं जे मिथुन बोलला ते अहिराणीत होतं आणि कागदावर येण्यासारखं नाही.

वीरसिंग सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "दादा, जनावर शेतात शिरलं तर आम्ही कोंडवाड्यात घालतो. पाय तोडत नाही. तुझं जनावर तर शिरलंच नव्हतं."

"शिरलं असतं तरी?" मिथुन ओरडला. "पुरानी प्रत वापरी तवय मी चोरच व्हतू. तरी खात्यानं काय पाप करेल शे?"

खालून ढोल ऐकू आला.

मिथुन दगडांवरून जवळजवळ घसरतच खाली आला. ढोल खात्याचाच होता. हेमकांतच्या गाडीवरून वाजत होता आणि खाटेवरचा म्हातारा सरळ बसला होता. मिथुनला पाहून हेमकांतनं मुकाट्यानं आवाज कमी केला.

खात्यानं हेमकांतला जवळ बोलावलं. "हा माझा हात आहे. तू चोरला?"

"हो, बाबा."

खात्यानं डाव्या हातानं मिथुनकडे बोट केलं. "मग याला याचा परत दे. आणि वाजवशील तिथं आधी माझं नाव घे. नाही घेतलं तर माझ्या दारात येऊ नको."

एवढीच शिक्षा. हेमकांतच्या लॅपटॉपला कुणी हात लावला नाही. त्यानं पिकअपच्या बॉनेटवर बसून सगळा ढोल मिथुनला भरून दिला आणि हळूच विचारलं, "भाऊ, नादराज बी देऊ का? मन्हं फुकटनं शे, पन कधी दगा देत नही."

मिथुनच्या कानशिलाची शीर उडत होती. पावती देवघरात होती, लायसन्स चालू झाल्याचा मेसेज फोनवर येऊन पडला होता, आणि उद्याचं लग्न याहून वरच्या, बिनरेंजच्या पाड्यावर होतं.

"टाक," तो म्हणाला.

पक्की प्रत त्यानं स्वतःच्या बोटानं काढली आणि चोरीची चढवली. ती बाई आता खरं बोलली असती. पण या प्रतीला तोंडच नव्हतं. त्याचा मिथुनला जास्तच राग आला. त्यानं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, माइक घेतला आणि खात्याचं नाव असं ओरडला की हेमकांतच्या गाडीवरची पोरंसुद्धा दचकली.