शनिवारचं बोलावणं

माझी पोरगी पहिला शब्द बोलली तेव्हा मी तिचं तोंड दाबलं. जोरात नाही. तिला छातीशी धरलं, तिचं तोंड पदरात घेतलं आणि मागं वळून पाहिलं, सासूबाईंनी ऐकलं की काय. त्या मोरीत भांडी घासत होत्या, नळ चालू होता. मला वाटलं, नाही ऐकलं.

बाकीच्या आयांना आनंद होतो. मला भीती वाटली आणि दम लागला. भ्याले की मला दम लागतो, लहानपणापासून. आता हे मी फोनमध्ये बोलते आहे, फोन बोललेलं लिहून घेतो, पण मधे दम लागला की त्याला वाटतं हिचं संपलं आणि तो बंद होतो. मग मी पुन्हा दाबते.

भीती कशाची ते सांगते. माझं डोकं हळू चालतं. शाळेत चौथीपर्यंत बसवलं, मग बाई आईला म्हणाल्या हिला घरीच ठेवा, मग मी घरी राहिले. लग्न झालं ते असं, की ह्यांचा हात डाळ मिलच्या पट्ट्यात गेला होता म्हणून ह्यांना कोणी मुलगी देत नव्हतं, आणि मला कोणी करून घेत नव्हतं. आमचं दोघांचं चांगलं जमतं. पण पोरगी झाली तेव्हाच घरात ठरून गेलं. रावेरला माझी मोठी जाऊ असते, तिला मूल नाही, त्यांचं केळीच्या पॅकिंगचं काम आहे, पक्कं घर आहे. सासूबाई धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. त्या म्हणाल्या, "अंगवर पिस तवलोंग तुनापान राहू दे. पोर बोलाले लागनी म्हंजे रावेरले. तुनापान राहीसन ती काय बोलाले शिकी?"

म्हणजे अंगावर पिते तोवर माझी, बोलायला लागली की ती जावेची. हे खाली पाहत राहिले. मला कोणी विचारलं नाही. मी तिथंच दारात उभी होते.

आणि पोरगी बोलली काय, तर "थांब." आई नाही, बाबा नाही, थांब. ते ती मिटिंगमध्ये शिकली, माझ्या मांडीवर बसून.

मिटिंग म्हणजे मेहरूणला बालवाडीच्या खोलीत रविवारी आम्ही बसतो. आम्ही म्हणजे ज्यांना लोक मंद म्हणतात, अर्धवट म्हणतात, पण सगळे मोठे झालेले. एका संस्थेच्या ताईने सुरू केलं होतं. आपलं आपण बोलायचं, ह्याच्यासाठी. घरचे लोक बाहेर ओट्यावर बसतील, आत यायचं नाही, आणि जो बोलतो आहे त्याचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही, कितीही वेळ लागो. कोणी मधे बोललं की अक्का म्हणते, "थांब, त्याचं होऊ दे." अक्का आमच्यात सगळ्यात मोठी. केस पिकलेत, पण तोंड गोल आणि उंची कमी, म्हणून रिक्षावाले तिला अजून बाळ म्हणतात. ती म्हणते, "बाळ तुझ्या घरी."

मी पहिल्यांदा पुरं बोलले ते त्या खोलीत. दवाखान्यात पोरीला डोस द्यायला नेलं की नर्स सासूबाईंना विचारायची, हिला दूध येतं का, पोरगी रात्री झोपते का, आणि पोरगी माझ्या मांडीवर. ते मी मिटिंगमध्ये सांगितलं, सांगायला फार वेळ लागला, सगळे थांबले. पुढच्या डोसला मी नर्सला म्हणाले, मला विचारा. तिने विचारलं. एवढंच झालं. पण मला वाटलं, असं चालत राहिलं तर एक दिवस मी घरात पण म्हणेन, मला विचारा. फक्त पोरगी बोलायच्या आत म्हणता आलं पाहिजे.

तेवढ्यात ताईचं काम संपलं. संस्थेला पैसे यायचे ते बंद झाले, ताईला धुळ्याला दुसरी नोकरी लागली. जाताना तिने खोलीची किल्ली अक्काच्या हातात दिली आणि म्हणाली, आता तुम्हीच चालवा, फक्त ग्रुपवर मेसेज टाकत जा.

मी टाकायचे, आवाजात. पहिल्या रविवारी बरेच आले. मग कमी कमी होत गेले, आणि मग मी, अक्का आणि भाई एवढेच. भाई म्हणजे पंक्चरवाल्या चाचांचा मुलगा, तो एक एक शब्द पुसून ठेवल्यासारखा बोलतो. बालवाडीच्या बाईंनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, कोणी येत नाही तर खोली अडवून काय करता? शिवणक्लासवाल्या मागताहेत. आखाजीनंतरच्या रविवारपर्यंत माणसं जमवा, नाहीतर किल्ली द्या."

आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जाऊ यायची होती. मला दोन्ही एकच वाटायला लागलं. खोली गेली की पोरगी गेली.

भाई म्हणाला, "सगळे... रुसले का?"

अक्का म्हणाली, "रुसले नाहीत. आमची वहिनी मला काल म्हणते, तुमची मिटिंग बंद झाली ना. मी म्हटलं, किल्ली तर माझ्याकडे आहे."

मला कळायला वेळ लागतो, पण कळतं. ग्रुपवरचे फोन आमचे नव्हतेच. कोणाच्या भावाचा, कोणाच्या आईचा. ताई होती तेव्हा ती विचारायची, का नाही आला, म्हणून पाठवायचे. आता आम्हीच म्हटल्यावर माझा आवाज ऐकायचे आणि फोन ठेवून द्यायचे. वाईट म्हणून नाही. रविवारी सोडायला कोण जाणार.

मी म्हणाले, "हळदीकुंकवाला कोणी मेसेज टाकतं का?"

"टाकतात आजकाल," अक्का म्हणाली. "मग कोणी येत नाही."

म्हणून आम्ही शनिवारी बोलावणं करायला निघालो, दारोदार, बायका करतात तसं. अक्काने कुंकवाचा करंडा घेतला. भाईने खिशात खडीसाखर घेतली, कारण सगळ्या घरी कुंकू चालत नाही, त्याच्याच घरी चालत नाही. पोरगी माझ्या कडेवर. आणि आम्ही ठरवलं, दारात घरच्यांना निरोप देऊन परत फिरायचं नाही. ज्याचं बोलावणं त्याच्या हातात खडीसाखर द्यायची.

पहिलं घर वरच्या मजल्यावर होतं. मला जिन्यातच धाप लागली. तिथल्या दादाच्या आईने दार उघडलं.

"काय गं, वर्गणी का?"

"नाही. बोलावणं. तुमच्या दादाला."

"मग मला सांग ना, मी सांगते त्याला."

माझा शब्द निघेना. भाई म्हणाला, "त्यालाच... सांगायचं आहे."

"झोपला आहे तो."

"आम्ही... थांबतो," भाई म्हणाला आणि पायरीवर बसला.

कुंकू घेऊन दारात उभ्या बाईला कोण परत पाठवणार. तिने पाणी दिलं, मग चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत तो आतून आला, केस ओले करून भांग पाडलेला. झोपला वगैरे काही नव्हता. अक्काने त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली, म्हणाली, उद्या मिटिंग आहे, तू ये. तो साखरेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही मला काढून टाकलं."

त्याची आई कप घेऊन उभी होती.

सगळीकडे चहा नाही मिळाला. एका घरी म्हातारे म्हणाले, "हे बघा, वेड्यांची वरात निघाली." अक्का म्हणाली, "वरात नाही आबा, बोलावणं आहे. आणि तुम्हाला नाही, तुमच्या नातीला आहे." मला तर पळून जावंसं वाटत होतं. त्याच घरी दार लागायला लागलं तशी पोरगी कडेवरून मोठ्याने म्हणाली, थांब. माझा हात लगेच तिच्या तोंडावर गेला.

परत येताना तलावाच्या कडेला अक्का म्हणाली, "तू तिचं तोंड का धरते?"

मी सगळं सांगितलं, रावेरचं. अक्काने करंड्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "पाहुणे आले की आमची आई माझं तोंड धरायची. हात गरम असायचा तिचा. मला आवडायचा आईचा हात." थोडं चालली. "पण धरायची."

त्या रविवारी दोन-चारच जण वाढले, खोली भरली नाही.

आखाजीला जाऊ आली. केळीचा घड आणला, पोरीला फ्रॉक आणले, एक आताच्या मापाचा आणि दोन मोठे, पुढं घालायला. ती वाईट नाही. पोरीवरून तिची नजर निघत नव्हती. म्हणाली, "काय गं चिमणे, बोलते की नाही?" नवीन माणूस म्हणून पोरगी गप्प, माझ्या मागं लपली. सासूबाई पटकन म्हणाल्या, "आते कोठे बोलस. पोळी खाय तू."

मग शनिवारी आम्ही पुन्हा सगळी दारं केली आणि शेवटी अक्का नि भाई माझ्या घरी आले. मी त्यांच्याबरोबर बाहेरच उभी राहिले आणि माझ्याच घराची कडी वाजवली. सासूबाईंना कुंकू लावलं, जावेला लावलं. कुंकू तिच्या नाकावर सांडलं. म्हणाले, "उद्या आमची मिटिंग आहे, तुम्ही ओट्यावर बसायला या."

"मना घरमा माले बोलावनं?" सासूबाई म्हणाल्या. जाऊ हसली. पण कुंकू लावून घेतलं होतं, मग आल्या.

खोली भरली होती. सगळे नव्हते, पण चटया कमी पडल्या. तो ओल्या केसांचा दादा आला होता, आबांची नात आली होती. पोरगी अक्काच्या मांडीवर झोपली होती. माझी पाळी आली तशी मी उठले. म्हणाले, "माझी पोरगी..." आणि दम लागला. सगळे थांबले. मी पुन्हा म्हणाले, "माझी पोरगी, ते..." आणि पुन्हा राहिलं. ओट्यावर सासूबाईंना ते बघवेना.

"तिले म्हननं शे का..."

"थांबा आजी," अक्का म्हणाली. "तिचं होऊ दे."

"हाई काय लाई ठेयेल शे, थांब थांब," सासूबाई चिडल्या. "घरमा पोर बी दिनभर हाईच म्हनस."

आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

जाऊ त्यांच्याकडे पाहत होती. "बोलते ती?"

सासूबाई लुगड्याचा काठ सारखा करत राहिल्या.

"मग आई, मी परवा विचारलं तेव्हा तुम्ही बोलत नाही असं का म्हणालात?"

"ती जाई तं घर सुनं पडी," सासूबाई म्हणाल्या, एवढ्या हळू की आत ऐकू आलं ते सगळे थांबलेले होते म्हणून.

म्हणजे त्या दिवशी नळाच्या आवाजात त्यांनी ऐकलं होतं. एका घरात आम्ही दोघी तेच लपवत होतो, एकमेकींपासून. मला त्यांची पण भीती वाटायची आणि त्यांना पण कसली तरी वाटत होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी दारापाशी गेले. म्हणाले, "जाऊबाई, मला विचारा."

"काय विचारू?"

"नेऊ का, ते विचारा."

ती कुंकू पुसत राहिली कपाळावरचं, मग पाहिलं की पुसते आहे, आणि हात खाली घेतला. "नेऊ का?"

मला फार वेळ लागला. कोणी माझं वाक्य पुरं केलं नाही. मी म्हणाले, "नको. तुम्ही येत जा. पण नेऊ नका."

जाऊ संध्याकाळच्या बसने रावेरला गेली. फ्रॉक ठेवून गेली, मोठे पण. जाताना माझ्याशी बोलली नाही, पोरीचे पाय हातात धरून बसली होती थोडा वेळ. सासूबाई रात्री भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दिवाळीले पाहूत." म्हणजे संपलं नाही. दिवाळीला ती पुन्हा येईल आणि मोठा फ्रॉक तोवर बसेल पोरीला. भीती आहेच. पण आता शनिवारी करंडा सासूबाईच काढून ठेवतात, कुंकू भरून.

किल्ली अक्काकडेच राहिली. शिवणक्लास इतर दिवशी भरतो. एखादा शनिवार आम्ही चुकवला की रविवारी लगेच चटया रिकाम्या दिसतात, म्हणून चुकवत नाही.

मग धुळ्याहून ताईचा फोन आला. तिथंही तिने खोली मिळवली होती, तिथंही माणसं येईनाशी झाली होती. म्हणाली, "तुम्ही कसं टिकवलं ते इथल्यांना सांगा, रविवारी या." मी म्हणाले, "शनिवारी येतो." तिला कळेना, कार्यक्रम तर रविवारी आहे. मी म्हणाले, "रविवारी नुसतं बसायचं असतं, ताई. काम शनिवारी असतं."

बसमध्ये कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या सोबत कोण आहे?" अक्का म्हणाली, "आम्ही आहोत ना एकमेकांसोबत. तुझ्यासोबत कोण आहे?" भाई धुळे येईपर्यंत हसत होता.

पहिलं दार एका गल्लीच्या टोकाला होतं. ताईने आधी सांगितलं होतं, इथं एक मुलगी आहे, तिला कोणी बाहेर काढत नाही. मी कडी वाजवली. फटीतून बाई म्हणाली, "कोणी नाही घरात," आणि दार लावायला लागली. पोरगी कडेवरून मोठ्याने म्हणाली, "थांब."

माझा हात वर गेला, सवयीने. मी तो तिच्या तोंडावर नेला नाही. पुन्हा कडी वाजवली.