उलटी कुंडी

आमच्या गावाबाहेर सुनंदाताईंची रोपवाटिका आहे. रोप विकण्याआधी त्या कुंडी तळहातावर उलटी करतात, हलकेच थोपटतात आणि मातीचा अख्खा गोळा गिऱ्हाइकापुढे धरतात. "मुळं बघून घ्या. पांढरी असली तर घ्यायचं. काळी असली तर कुणाकडूनही घ्यायचं नाही, माझ्याकडूनसुद्धा."

वर जास्वंदीच्या फांदीपासून घरीच रोप कसं करायचं तेही शिकवतात. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, सगळंच सांगून टाकलंत तर माणसं परत येतील कशाला?"

"ज्याचं झाड जगतं तोच दुसरं न्यायला येतो," त्या हसल्या. "मेलं की माणूस झाडं लावायचंच सोडतो."

काल एका बाईंसाठी त्यांनी कळ्यांनी लगडलेला मोगरा उलटा केला आणि भर गर्दीत मुळं काळी निघाली. ताईंनी तो गोळा सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "सडलेलं मूळ असं दिसतं. पाणी जास्त झालं, चूक माझी."

फुलं काय, सगळा बाजारच दाखवतो. मूळ दाखवायला छाती लागते.

मला वाटलं, बाई आता निघून जातील. त्यांनी हातातली पिशवी पुढे केली. "दुसरा द्या, तुमच्या पसंतीनं. उलटा करू नका."

"मलाही एक," मागून कुणीतरी म्हणालं.

ताईंनी तो मोगराही उलटा केलाच. पांढरीशुभ्र मुळं उन्हात लखलखली, आणि बघायला कुणीसुद्धा वाकलं नाही.